मान वळवून बघा

आधी बसा. खुर्ची फिरती आहे, घाबरू नका.
चष्मा असेल तर असू द्या, आत जागा ठेवलीय.
हे डबडं दिसतं जड, पण अर्ध्या किलोच्या आतबाहेर,
पावाच्या लादीएवढं. पट्टा मागून आवळतो.
केस अडकले तर सांगा.

पेत्रिलाच्या बंद खाणीजवळ, जुन्या कंदीलघरात,
शनिवारी मी हेच बोलतो, दिवसातून बारा वेळा.
शाळेची पोरं, वाट चुकलेले जर्मन सायकलवाले,
एकदा एक पाद्री, जो आत जाताना क्रूस करून गेला
आणि बाहेर येताना उलटी करून.
चूक त्याची नव्हती.
मान वळते त्याच क्षणी चित्रानं वळायला हवं.
निमिषभर जरी मागे राहिलं
तर डोळे एक सांगतात, कानातला तोल दुसरंच,
आणि भांडण पोटात जाऊन निस्तरतं.

बाकी जादू काही नाही.
दोन भिंगं, एकाच जागेची दोन चित्रं,
एक डाव्या डोळ्याच्या बाजूनं, एक उजव्या.
मध्ये चार बोटांचा फरक.
त्या फरकातून खोली मेंदूच खणतो,
फुकट, न सांगता.
मी फक्त अंधार पुरवतो.

सावेता द्रागोता आली तेव्हा मांडीवरची पर्स सोडेना.
वय एकाहत्तर. नवरा सत्तावीस वर्षं खाली.
मला कधी नेलं नाही, म्हणाली,
आणि तो बोलायचा कमी.

चालू केलं.
ती गप्प. मग हात पुढे आला, भिंत चाचपायला.
भिंत नव्हती, माझी बाही होती.
ती घट्ट धरून म्हणाली, ओली नाही.
ओल अजून जमत नाही, मी म्हटलं.
आणि वास?
वासही नाही.
उंदीर?
विसरलो.
मग डबा कुठे उघडायचा तो?

जुन्या नकाशांत बोगदे होते, खांब होते,
हवेच्या वाटा होत्या, सगळं मापात.
डबा उघडायची जागा कुणी आखली नव्हती.

तिसऱ्या वळणावर एक तुळई खाली उतरलीय.
सगळ्यांना सावध करतो, तिला सांगायचं राहिलं.
ती बसल्या खुर्चीत वाकली,
हनुवटी थेट छातीला,
जिचं वजन शून्य, जी मी एका दुपारी
कॉफी पीत रंगवली होती, त्या तुळईखाली.

बराच वेळ वर आली नाही.
मी बादली सरकवली, न जाणो.
पण ती हसत होती. निदान तसाच आवाज होता.

"आमच्या स्वयंपाकघराचं दार," म्हणाली,
"चांगलं उंच. घोडा जाईल.
आव्राम जन्मभर त्यातून वाकून आला.
सूप वाढताना मी रोज म्हणे,
अरे, डोक्यावर काय आभाळ पडतंय तुझ्या?
पेन्शनीत गेल्यावरसुद्धा.
काठी टेकत यायचा, तेव्हासुद्धा.
जित्याची खोड, म्हणून मी नाद सोडला."

पट्टा सैल केला. गालांवर लाल वळ,
डोळ्यांभोवती घाम.
तिनं पर्स उचलली, ज्येष्ठांची सवलत मागितली,
पाच लेई परत घेतले, मोजून.

खोड मेल्याशिवाय जात नाही, ठीक.
मेल्यावर ती कुठे जाते?
कंदीलघराचं दार साडेसात फूट आहे,
यंत्रं आत आणताना मीच मापलंय.
त्या दाराशी ती थांबली,
एका हातानं रुमाल सावरला,
आणि मान तुकवून बाहेर पडली.

त्या रात्री मी उंदीर घातले. तीन.
साहेब म्हणतात ती तुळई वर घे,
पर्यटकांच्या माना दुखतात.
घेतलेली नाही.
डब्याच्या जागेचं मात्र तिला विचारायला हवं होतं.
तिलाही माहीत नसणार.
तरी.