व्यवसायाचा रकाना

पूर्णगड. दुपारचे सव्वातीन. खाडीला भरती.
खिडकीच्या गजांवर मिठाचा पापुद्रा.
साहेब जेवायला निघताना म्हणाले,
बाईचा जबाब तूच घे गं, दोन ओळींत उरक.

नाव : चारुलता दत्ताराम भाटकर.
वय : त्रेचाळीस.
व्यवसाय :
ती म्हणाली, लिहा, गृहिणी.
मी लिहिलं.

"भाकऱ्या थापायचे मी. ते यायचे, जेवायचे, जायचे.
बायकांना कोण काय सांगतं?"
खरंय. मलाही इथं कोण काय सांगतं.

मी तिचे हात बघते.
अंगठ्याच्या पेरावर जुना चटका,
शिंपल्याच्या आतल्या अंगासारखा पांढुरका.
नवा एकही नाही.

पहिल्या वर्षी आठ माणसांचं रांधायची.
मग पिशवीत, सुक्या बांगड्यांखाली, चिठ्ठ्या.
नाक्यावर सगळ्यांनी वासाने तोंड फिरवलं,
मीही.
मग पोरी जमवायला लागली, भिशीच्या नावाने.
हे ती सांगत नाही. हे तिच्या वहीत आहे :
नावापुढे रक्कम नाही,
नावापुढे एकेकीचा राग.
कुणाचा नवरा बोटीवरून आलाच नाही,
कुणाची जमीन जेटीखाली गेली,
कुणाला नुसतंच, वर्षानुवर्षं, घरात कुणी विचारलं नाही.
अक्षर सुरेख. शाळेत बक्षीस मिळालं असेल.

पंचनामा उघडते.
काजूच्या बागेतली खोप. जप्त मुद्देमाल :
वायरचं भेंडोळं एक, मोबाइल दोन,
कांड्या एकोणीस,
टोपलीत तांदळाच्या भाकऱ्या बावीस,
कडा फाटलेल्या, एका अंगाने करपलेल्या.
हे ज्या पंचाला लिहावंसं वाटलं
त्याला एकदा सुरमई नेऊन द्यायला हवी.

"त्या रात्री भाकऱ्या कुणी भाजल्या?"

ती पहिल्यांदा वर बघते.
बाहेर ट्रॉलरचं इंजिन खोकतं, बंद पडतं.

"रघूने," ती म्हणते.
"मेल्याला धड उकड काढता येत नाही."
आणि हसते.
पोराच्या चुकीला हसतात तसं नाही.
हाताखालच्या माणसाच्या.

मी गृहिणीवर आडवी रेघ मारते.
रकाना दीड बोटाचा.
पुढे काय लिहायचं ते ठरत नाही.

साहेब येतात. ढेकर.
झालं का गं? मग जरा चहा टाक.

मी उठत नाही लगेच.
ती माझ्याकडे बघते,
वहीत नवं नाव लिहिण्याआधी
बघत असेल तशी.