एक अक्षर जास्त

बालिक्ची. सरोवराच्या काठी टायरचं दुकान.
हातांना कायम रबराचा वास.
घरी बोलतो ती किर्गिझ. तिच्यात
'तो' आणि 'ती' एकाच शब्दात झोपतात,
एका गोधडीत भावंडं झोपावीत तसे.
आई शेजारणीजवळ माझ्याविषयी तासभर बोलते,
नान थापता थापता,
आणि तेवढ्यात मी कुठेच उघडं पडत नाही.

रशियन मात्र चोंबडी.
भूतकाळ काढला की आधी विचारते,
बाई की बाप्या?
म्हणून गिऱ्हाइकांशी माझी वाक्यं आखूड:
टायर तयार आहे. थंडी आहे. सुट्टे नाहीत.

रात्री शटर खाली,
कॉम्प्रेसर निवत पडलेला,
मांडीवर तडा गेलेला फोन.
त्यात सतरा जण. चेहरा एकाचाही नाही.
वोर्कुताच्या बाईने चेहऱ्याच्या जागी किटली लावलेली.
मी लिहिलं: आज दमले.
खोडलं.
लिहिलं. खोडलं.
रशियनमध्ये शेवटी फक्त एक अक्षर जास्त लागतं.
पाठवलं, आणि फोन टायरच्या पोटात टाकून दिला.

तो गुरगुरला. किटली म्हणत होती,
दमलीस ना, मग झोप.
टायर सकाळीही गोलच असतील.

मग नावं.
झरिना चार दिवस टिकली.
आयपेरी दंडात काचली.
बुरुल अजून अंगावर आहे.
ओम्स्कहून कुणी म्हणालं, आठवडाभर मला 'तो' म्हणा, बघू या.
आम्ही म्हटलं.
आठव्या दिवशी: नको, 'ती'च बरी.
कुणी हिशेब मागितला नाही.
पहाटे तीनला आम्ही दाढीच्या ब्लेडवर बोललो,
आयांवर बोललो,
आवाज कुठून काढायचा, घशातून की टाळूतून,
यावर तर दोन रात्री.

किटली मार्चपासून गप्प आहे.
तिचं घर, तिचं कागदावरचं नाव,
कुणालाच ठाऊक नाही.
विचारायचं कुणाला?
मी अजूनही तिला लिहिते, आज दमले.

परवा ट्रकवाला सेर्योझा आला.
मागच्या चाकात हवा भरली का?
तोंडातून गेलं: विसरले.
कॉम्प्रेसर धडधडत होता.
त्याने वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.
मग वीस सोम कमी दिले.
तो नेहमीच कमी देतो.