दोन बिड्यांची पहाडी

मुरपारटोल्यात एकोणतीस मीटर,
शेवटचं अंताराम पेंदामच्या ओसरीवर.
आकडा लिहून घेतला तेव्हा साडेतीन वाजले होते
आणि माझ्या गाडीचं पंक्चर निघायला
अजून तास-दीड तास तरी होता.

"पहाडीवर येता का जी?" तो म्हणाला.
"लांब आहे का?"
"नाई जी. दोन बिड्या."

बिडी मात्र त्यानं पेटवली नाही.
भंडाऱ्याच्या डॉक्टरनं यंदा पोळ्यालाच बंद केली होती.
अंतर तेवढं जुन्या मापात राहिलं.

बोडीच्या पाळीवरून निघालो.
अडया शिट्ट्या घालत उठल्या, एक फेरा मारून
पुन्हा त्याच वाळक्या देठांत जाऊन बसल्या.
पुढं त्याची तूर, शेंगा भरत आलेल्या,
मधोमध काठीवर एक निळा सदरा.
"माहाच होय," तो म्हणाला.
"आधी रोही भेत होते.
आता वास घेतेत अन् चरतेत."

मग पायवाट ऐनांत शिरली
आणि बोलणं आपोआप लहान झालं.

पहिल्या बिडीची जागा एका उताण्या दगडाशी आली.
तो बसला. हात सवयीनं कानामागं गेला,
रिकामा परत आला.
एक बिडी संपायला लागतो
तेवढा वेळ आम्ही तिथं नुसते बसलो.
पाचोळा वाजला. मला वाटलं, कोंबडी.
कोंबडीच होती, पण रानातली:
कोंबडा पुढं, मागं तीन माद्या,
खरवडत, थांबत, खरवडत,
माझ्या बुटापासून चार हातांवर.
कोंबड्यानं मान तिरपी करून
माझ्या पिशवीकडं पाहिलं,
घेण्यासारखं काही नाही असं ठरवलं.

"धूर असता तर आले नसते," अंताराम कुजबुजला,
आणि हे त्याला
बिडीविरुद्ध की बिडीसाठी म्हणायचं होतं
ते मला कळलं नाही.

दुसऱ्या बिडीला कुसुमाखाली फोडलेलं वारूळ.
त्यानं खड्ड्यात हात घातला,
माती चिमटीत घेऊन पाहिली.
"अस्वल. रातीच येऊन गेलं."
या वेळी मी त्याच्या जरा जवळ बसलो.

माथ्यावर वनखात्याचा लोखंडी बाक,
एक पाय तुटलेला, खाली दगड लावलेला.
बोडी इथून जर्मनच्या ताटाएवढी.
सर्पगरुड घिरट्या घालत होता, आमच्या खाली.
सत्तेचाळीस वर्षांत
मी उडत्या गरुडाची पाठ पाहिली नव्हती.
ती तपकिरी असते,
आणि तिच्यावर ऊन पडतं.

"पाय," अंताराम म्हणाला. "तुरीत."

पाच रोही. चार भुऱ्या,
एक नर, ओल्या पाटीच्या रंगाचा,
निळ्या सदऱ्याला खांदा घासत उभा.
शेंगा खाताना त्याची शेपटी हलत होती.
वाऱ्यानं तूर वाकायची
आणि त्यांच्या पाठी उघड्या पडायच्या.
मी अंतारामकडं पाहायचं टाळलं.

बराच वेळ तो बोलला नाही.
एक बिडी झाली असती.

"देखणा दिसते ना साला," तो म्हणाला, "अथून."

मग त्यानं फोन काढला.
घरचा फोन कडुनिंबाला पिशवीत टांगलेला असतो,
तिथंच काय ती रेंज धरते.
"पारबता, तुरीत रोही हाय. डबा घे."

खाली एक लाल ठिपका घरातून निघाला,
धुऱ्यानं धावत गेला, थांबला.
हात वर गेला, खाली आला.
पाचही माना उठल्या.
आणि मग कुठं आमच्यापर्यंत पोचलं:
टण्.

तोवर रोही पाळ ओलांडून गेले होते.
पारबता मात्र वाजवतच राहिली,
हात आधी, आवाज मागून,
जणू डबा तिचा
आणि आवाज दुसऱ्याच कुणाचा.

अंताराम उठला, धोतर झटकलं.
"चाला. पंक्चर निघालं असंन."
"किती वेळ लागेल खाली?"
त्यानं उतार नजरेनं मोजला.
"उतरताना एकच लागते."