आधी वाचून घे

इर्कुत्स्कला वीज स्वस्त,
म्हणून शहराबाहेरच्या एका गोदामात
हे कार्ड सव्वातीन वर्षं नाणी खोदत होतं.
पंख्यांवर काजळीसारखी धूळ,
आणि पोटात कुणीतरी बदललेलं फर्मवेअर.
पडदा म्हणजे काय हे विसरायला लावलेलं,
नुसतं राबायला शिकवलेलं.

बायरनं ते मफलरमध्ये गुंडाळून आणलं.
बाहेर उणे एकतीस.
"चित्रच येत नाही," तो म्हणाला.
दारिमानं कार्डाला हात लावला नाही.
"तिथे ठेव तासभर. आता घाम सुटेल त्याला."

तासभर मग मीठ घातलेला दुधाचा चहा,
आणि बायरचं बोलणं: बैकल गोठताना
बर्फ कसा खालून हाका मारतो,
ते आवाज त्यानं तीन रात्री टिपले,
आता त्यांना चित्रं जोडायचीत, सोमवारच्या आत.
घाईतल्या माणसाला
दारिमा आणखी एक कप देते.

मग चार स्क्रू. भिंग.
मेमरीच्या चिपवरची मुंगीएवढी अक्षरं.
हायनिक्स.
"फाइल सापडली म्हणून लगेच घालायची नसते.
एका नावाची दोन कार्डं म्हणजे एका आडनावाची दोन माणसं.
एकाचा चष्मा दुसऱ्याला लावू नये."

पडदा तिनं दुसऱ्याच, साध्या कार्डावर चालू ठेवला.
ज्याचं ऑपरेशन, त्याच्याच डोळ्यांनी बघायचं नसतं.
आणि आतलं ते बिघडवलेलं फर्मवेअर
आधी उतरवून घेतलं. दोनदा.
दोन्ही प्रती ताडून पाहिल्या, शेवटच्या बाइटपर्यंत.

"हे कशाला? फेकायचंच आहे ना ते?"

सहा वर्षांपूर्वी, रात्री अडीचला,
अर्दान झोपलेला असताना, त्याला सकाळी चकित करायचं म्हणून
तिनं त्याच्या कार्डावर नवं लिहायला घेतलं होतं.
जुनं न वाचता.
निम्म्यावर वीज गेली.
अर्दान काहीच बोलला नाही.
पुढच्याच महिन्यात धाकटा तिचा
याकुतियातल्या खाणीवर निघून गेला, खऱ्या सोन्याच्या.
कार्डासाठी नव्हे. कार्डासाठी कोण जातं?
ती काळी वीट अजून फळीवर आहे,
पावत्या उडू नयेत म्हणून.

"जे वाचून ठेवलं तेवढंच वाचतं," ती बायरला म्हणाली,
आणि किटलीची पिन काढली.
पलीकडच्या शिवणवालीला भिंत ठोकून सांगितलं:
व्हेरा, दहा मिनिटं इस्त्री नको!
यूपीएसचा दिवा हिरवा.
एंटर.

बारा टक्के. एकोणतीस.
बोलायचं नाही.
एकसष्टवर आकडा थांबला,
बायरनं माउसकडे हात नेला,
तिनं तो मनगटाशी धरून ठेवला.
थांबलेलं दिसतं म्हणजे थांबलेलं असतंच असं नाही.

शंभर.
लिहिलेलं परत वाचून पाहिलं. जुळलं.
मशीन बंद, दहा मोजले, केबल कार्डाला लावली.
आधी काळं.
मग त्याहून थोडं कमी काळं,
आणि डाव्या कोपऱ्यात एक रेघ, मिचमिचणारी.
बायर मोठ्यानं हसला. व्हेरानं पलीकडून
भिंतीवर दोनदा ठोकलं: इस्त्री लावू का?

तो गेल्यावर दारिमानं फळीवरून वीट उतरवली.
मॉडेल तेच. नवी फाइल समोर उघडीच.
भिंग धरलं, पाठ असूनही.
सॅमसंग.
हात एकदा पुढे गेला होता, हे खरं.

पावत्यांवर वीट परत ठेवली. तिरकी.
मग फोन घेऊन लिहिलं,
"अर्दान, तुझ्या त्या जुन्या डिस्कवर
कार्डाची मूळ प्रत असेल का रे?"
वाचलं.
पुन्हा वाचलं.
'कार्डाची' हा शब्द खोडला, परत घातला.
किटलीची पिन लावायची राहिलीच होती.