सांधा

ऑक्टोबरभर दर रविवारी मी पारसिकचा डोंगर चढले
पाठीवर दहा किलो तांदूळ घेऊन.
वर जायचं, खाडी बघायची, केळं खायचं,
आणि तांदूळ तसेच परत खाली.
आप्पाला कळलं तेव्हा तो खोकला येईपर्यंत हसला.
"वर कुणी जेवायला होतं का?"
"नाही."
"मग ओझं नेलंस कशाला?"
"सवय व्हावी म्हणून."
तुर्भ्याच्या त्या खोलीत
सवय हा शब्द बराच वेळ खालीच पडून राहिला,
कुणी उचलला नाही.

चार दिवसांची वाट. पेरू देश.
ऐरोलीच्या ऑफिसातले तिघे, चौथी मी.
पुढे गाईड, त्याच्या काठीला पिवळी चिंधी.
मागून हमाल यायचे, आणि तासाभरात
तेच पुढे निघून जायचे,
रबरी चपलांत,
ओझ्याच्या फडक्याची गाठ छातीवर:
माझा तंबू, माझं अंथरूण,
माझ्या सकाळच्या नाश्त्याची अंडी, न फुटलेली.
वाटेवर एका नाक्यात त्यांची ओझी काट्यावर चढवतात,
ठरल्यापेक्षा एक किलो जास्त चालत नाही.
हे मी कौतुकानं सांगितलं.
आप्पा म्हणाला, "काटा खरा होता का?"

दुसऱ्या दिवसाच्या खिंडीला मेलेल्या बाईचं नाव आहे.
गाईड म्हणाला, घाबरू नका, कुणी मेलेलं नाही,
डोंगराची रेघ तशी दिसते,
उताणी झोपल्यासारखी.
तिथे माझा दम संपला.
विल्बर नावाच्या हमालानं खिशातून पानं काढून दिली,
गालात धर, चावू नकोस, अशी खूण केली,
आणि माझा तंबू घेऊन पुढे गेला.

त्या वेळी मला आई आठवायला हवी होती.
नाही आठवली.
आठवली ती उतारावर, गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा.
तीन नंबरची खाण,
डोक्यावर खडीची पाटी,
पोटात सातव्या महिन्याची मी.
म्हणजे चढ मला नवा नव्हता,
पाठीवर कुणी नसताना चढायची
तेवढी पहिलीच वेळ.

चौथ्या पहाटे धुकं सरकलं
आणि खाली इंका लोकांचं शहर उघडं पडलं.
बाकीच्यांनी एकमेकांचे फोटो काढले.
मी भिंतींचे काढले, दोनशे बारा.
चुना नाही, सिमेंट नाही,
सांध्यात सुरीचं पातं जाणार नाही,
गाईड तीनदा म्हणाला.

"दगडात सुरी कोण घालतं?"
एवढंच बोलून आप्पानं मोबाईल डोळ्यांजवळ नेला.
उजव्या अंगठ्याला नख नाही त्याच्या,
सुतकीनं नेलं, मी पहिलीत असताना.
त्याच अंगठ्यानं तो देवळं सरकवत गेला,
राजवाडा सरकवला,
ज्या भिंतीसमोर लोक गप्प होतात ती भिंतही
"बरी आहे" म्हणून सरकवली.

थांबला तो चुकून निघालेल्या फोटोवर.
गवत, माझा अर्धा बूट,
आणि न फोडलेला एक धोंडा,
त्यावर एका ओळीत पाच खाचा पाचरीच्या.
सहावी अर्धी.

"हा डावखुरा होता," आप्पा म्हणाला.
"कशावरून?"
"खाचेचा कल बघ की."
मी बघितला. मला काही दिसलं नाही.
"आणि सहावीला हात थांबलाय."
"का थांबला असेल?"
"मला काय ठाऊक? जेवायला बोलावलं असेल."
मग पंख्याकडे बघत, थोड्या वेळानं,
"किंवा सायबानं खाणच बंद केली असेल."

बाहेर, बंद खाणीच्या हिरव्या पाण्यात
कुणीतरी ट्रकचा टायर धूत होतं.

दोनशे बारातला तेवढा एकच त्याला हवा होता.
"तुझा बूट काढ त्यातला."
मी कडेनं कापत आणलं,
बूट गेला, गवत गेलं,
ओळ नीट दिसावी म्हणून
ती अर्धी खाचही कापायला निघाले.

त्यानं माझं मनगट धरलं.
"ती राहू दे."