बारा पूर्ण

पालेर्मो नको, म्हटलं मी. तिथली नुसती कॉफी
आपल्या तांदिलच्या जेवणाच्या भावाची.
ओन्से स्वस्त, पण दुकानांची शटरं पडली
की रस्ता ओळख देत नाही.

मिकाएला नकाशावर पालथी पडून
बोटानं चालत होती.
"आल्माग्रो, पापा. मेट्रो चार मिनिटं,
खाली बेकरी. खिडकी तेवढी
भिंतीकडे उघडते."

उघडू दे. भिंतीचे पैसे पडत नाहीत.

मग फॉर्मनं विचारलं, मुलांचं वय.
बाराच्या आत अर्धं भाडं.
आणि तिचा वाढदिवस
नेमका तिथल्या दुसऱ्या रात्री.

मी अकरा लिहिलं.
खोटं कुठे? बसमध्ये चढताना अकराच.
ती काही बोलली नाही,
माझ्या हातावरून हात नेऊन
शेवटचा एक खोडला, दोन केला.

"नाहीतर तिथे केक
कुठल्या तोंडानं मागायचा?"

आता पावतीवर छापून आलंय:
प्रौढ दोन, पलंग दोन.
दुकानात खिळ्या-स्क्रूंच्या बिलांत
ती घडी घालून ठेवलीय मी.
गिऱ्हाईक नसलं की काढतो,
आणि बघत बसतो
हा दुसरा प्रौढ कोण.