पुठ्ठा

बंदर लेंगेत न्यायालयासमोर एक बोर आहे,
आमच्याकडच्यासारखीच, काटे जरा लांब.
तिच्याखाली खोदामोराद टाइपरायटर मांडून बसतो.
अर्जाचे पैसे ओळीवर. रडणं लिहायचं तर जास्त.

आमचं गलबत धरून एकशे बारा दिवस झाले.
डिझेल कोणाचं, ते तांडेलाला ठाऊक.
मी भंडारी, मला भात किती लागतो ते ठाऊक.

म्हटलं, सरळ वरच्याला लिही.
"कुठल्या वरच्याला?"
आणि खजुराच्या खोक्याचा पुठ्ठा उलटा करून
चितारायलाच लागला.

खाली ठिपके, ही माणसं. माणसं मत देतात, त्यातून मजलिस.
मजलिसचा कायदा जातो बारा जणांपुढे.
बारांतले सहा धर्मपंडित, ते नेता नेमतो.
सहा कायदेपंडित, ते मजलिस निवडते,
पण यादी देतो न्यायखात्याचा प्रमुख,
आणि त्याला नेमतो –
"नेता," मी म्हटलं. शिकत होतो.
आणि नेत्याला?
"तज्ज्ञांची सभा. तिला निवडतात हे."
बोट ठिपक्यांवर.
"सभेला उभं कोणी राहायचं, ते मात्र..."
बोट परत बारांवर.

मी जाळी विणणाऱ्याच्या घरातला.
फाटकं जाळं हातात आलं की बाप म्हणायचा,
आधी पहिली गाठ शोध.
पुठ्ठा मी चारी बाजूंनी फिरवला.

त्याची मेहुणी फरंगीस शाळेत भूगोल शिकवते.
मागच्या खेपेला मजलिसला उभी राहणार होती,
पाटीसुद्धा रंगवून झाली होती.
एका ओळीचं उत्तर आलं: पात्रता सिद्ध झाली नाही.
टाइपरायटर त्याच पाटीवर ठेवलाय, पालथ्या.

"तुझं गलबत धरलं पासदारांनी.
ते फरमानदाराचं ऐकत नाहीत.
फरमानदार मंत्र्याचा, मंत्री राष्ट्राध्यक्षाचा,
राष्ट्राध्यक्ष या ठिपक्यांचा, म्हणजे गाळून उरलेला.
पासदार थेट."
पुठ्ठ्याच्या कडेनं त्यानं एक जाड रेघ ओढली
वरपासून पार समुद्रापर्यंत,
मधल्या एकाही चौकटीला न शिवता.

मग कागद चढवला.
कोणाच्या नावे?
"न्यायाधीशाच्या. त्याला निदान दार आहे."

उजवीकडून डावीकडे अर्ज होत गेला.
शेवटी विचारलं, तुझ्याबद्दल काय लिहू?
लिही, सात जणांचं रांधतो.
तांदूळ आता मुठीनं नाही, वाटीनं मोजतो.

पैसे त्यानं घेतले. पुठ्ठा मला दिला.

रात्री चूल पेटेना.
तो कोरडा ठणठणीत, हाताशीच होता.
मी फळ्यांचे तुकडे शोधत धक्काभर फिरलो.